लुसीचं वय ३२ लाख वर्षं हे ठरवतात कसं? आणि मांजरा नदीच्या गाळाला तीच पद्धत चालेल का?

औसा_विज्ञान (प्रश्न)

नववी-दहावीच्या मुलांसाठी आफ्रिकेतल्या मानवाच्या उगमावर दहा फुटी फ्लेक्स करायलोय. मिळालेल्या मजकुरात लुसीबद्दल, म्हणजे तिथं सापडलेल्या मानवपूर्वजाच्या प्रसिद्ध सांगाड्याबद्दल, "कार्बन डेटिंगनुसार लुसीचे वय ३२ लाख वर्षे" असं छापलंय. कार्बन-१४ जेमतेम ५०,००० वर्षांपर्यंतच चालतो, मग हा आकडा आला कुठून?

दुसरं, अश्मयुगीन हत्यार आणि नुसता फुटलेला दगड यांत फरक कसा करायचा? आपल्याकडं नदीत फुटक्या दगडांना तोटा नाही. तिसरं, मांजराच्या वाळूत हत्तीची हाडं निघाल्याचं अधूनमधून कानावर येतं, तर त्यांचं वय आफ्रिकेसारखंच काढता येईल का? आणि शेवटचं, वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत जी रांग दाखवतात ती फ्लेक्सवर टाकू का नको? जाणकारांनी जरा खुलासा करावा.

काळा_फत्तर

आधी ते "कार्बन" खोडा. लुसीच्या हाडाचं वय कुणी मोजलेलंच नाही. मोजलंय ते ती ज्या थरांमध्ये सापडली त्यांतल्या ज्वालामुखीच्या राखेचं.

इथिओपियात हदारला १९७४ मध्ये लुसी सापडली. तिच्या थोडं खाली कडा हदार नावाचा राखेचा थर आहे, त्याचं वय ३१.८ लाख वर्षं. वरच्या बाजूला बरंच अंतर सोडून २९.५ लाखांचा दुसरा थर आहे. लुसी खालच्या थराला अगदी लागून आहे, म्हणून तिचं वय ३१.८ लाखांपेक्षा किंचित कमी. तेच गोळाबेरीज करून ३२ लाख छापतात. फ्लेक्सवर "सुमारे" एवढा शब्द टाकला तरी काम भागतं.

आता राखेचं वय. राखेत पोटॅशियमवाले फेल्डस्पारचे बारीक स्फटिक असतात. पोटॅशियम-४० किरणोत्सर्गी आहे, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातला साधारण दहावा हिस्सा आर्गॉन-४० वायू होतो, बाकीचा कॅल्शियम. खडक वितळलेला असताना हा वायू निसटून जातो आणि स्फटिक थंड झाला की आत अडकायला लागतो. म्हणजे घड्याळ सुरू होतं ते उद्रेकाच्या वेळी.

काम असं चालतं: शक्यतो बारीक राखेऐवजी थरातले प्युमिसचे, म्हणजे सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे गोटे उचलतात, कारण त्यांच्यात बाहेरची वाळू मिसळलेली नसते. ते फोडून चाळतात, सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लानं वरची काच काढून टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ स्फटिक एकेक वेचतात. मग ते अणुभट्टीत ठेवतात. तिथं न्यूट्रॉनच्या माऱ्यानं पोटॅशियम-३९ चा काही भाग आर्गॉन-३९ होतो, त्यावरून पोटॅशियम किती ते कळतं. शेवटी लेझरनं एकेक कण वितळवून दोन्ही आर्गॉनचं प्रमाण एकाच यंत्रात मोजायचं. अणुभट्टीत सोबत ज्ञात वयाचे स्फटिकही ठेवावे लागतात. त्यासाठी कोलोरॅडोतल्या फिश कॅनियन राखेचे स्फटिक सर्रास वापरतात, वय सुमारे २.८२ कोटी वर्षं. त्यांच्याशी ताडल्याशिवाय आकडा निघत नाही.

फसगत कुठं होते याचं सगळ्यात मोठं उदाहरण केनियातलं, तुर्काना सरोवराच्या काठावरच्या कूबी फोराचं. तिथल्या केबीएस राखेचं वय १९६९ मध्ये पहिल्या मोजणीत २० कोटींच्याही वर आलं! नदीनं राख वाहून आणताना जुन्या खडकाचे कण त्यात कालवले होते आणि तेव्हा मूठभर माल एकदम वितळवून मोजायची पद्धत होती. पुन्हा वेचून मोजलं तर २६ लाख. त्याच राखेच्या खाली १९७२ मध्ये १४७० क्रमांकाची मोठ्या मेंदूची कवटी सापडली आणि ती २९ लाखांची म्हणून गाजली. पण डुकरांचे दात जुळेनात. कूबी फोराला त्या राखेखाली मिळालेली डुकरं इथिओपियातल्या ओमो खोऱ्यात २० लाखांच्या आसपासच्या थरांत येत होती. कित्येक वर्षं वाद चालला. शेवटी राख १८.८ लाखांची ठरली, कवटी सुमारे २० लाखांची. डुकरं बरोबर होती.

मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, कारण एकट्या यंत्राच्या आकड्यावर कुणी थांबत नाही हे त्यातून कळतं. राख, प्राणी आणि चुंबकीय दिशा अशी तिहेरी उलटतपासणी होते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र २५.८ लाख आणि ७.८ लाख वर्षांपूर्वी उलटलं, त्याची खूण बारीक गाळात राहते. शिवाय प्रत्येक उद्रेकाच्या राखेतल्या काचेची रासायनिक घडण वेगळी असते. तुर्कानाची तुलू बोर राख आणि हदारची सिदी हकोमा राख एकाच उद्रेकाची, वय ३४ लाख, हे त्यावरून जुळलं. दोन्ही ठिकाणांत जवळजवळ हजार किलोमीटरचं अंतर आहे आणि तीच राख एडनच्या आखाताच्या तळातही मिळाली आहे.

गंगथडी

हे सगळं पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वालामुखीच नाहीत, गुहा आहेत. मग तिथलं वय कसं ठरतं?

काळा_फत्तर

बरोबर पकडलंत. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतल्या तारखांवर भांडणं जास्त होतात.

तिथं दोन पद्धती मुख्य. एक म्हणजे गुहेत पाणी झिरपून चुनखडीचे जे पापुद्रे बसतात त्यांतलं युरेनियम किती शिसं झालं ते मोजणं. अडचण ही की पापुद्रा हाडांच्या थरातल्या भेगेत नंतर शिरलेला असू शकतो. तसं असेल तर आकडा खऱ्यापेक्षा तरुण येतो. दुसरी पद्धत गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या कणांवर चालते. कण जमिनीवर असेपर्यंत वैश्विक किरणांमुळं त्याच्यात ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० साधारण ६.८ ला १ या प्रमाणात तयार होत राहतं. कण गुहेत पडून गाडला गेला की भर थांबते. ॲल्युमिनियम सुमारे ७ लाख वर्षांत निम्मं होतं, बेरिलियमला १३.९ लाख लागतात. प्रमाण किती घसरलं त्यावरून पुरल्याचा काळ मिळतो. इथली मेख उलटी: कण आधी वरच्या एखाद्या कप्प्यात लाखो वर्षं पडून राहिला आणि मग खाली घसरला, तर आकडा जास्त म्हातारा येतो.

स्टर्कफाँटेन गुहेतला 'लिटल फूट' सांगाडा या दुसऱ्या पद्धतीनं २०१५ मध्ये ३६.७ लाखांचा निघाला. त्याच गुहेतल्या चौथ्या थराला पापुद्र्यांवरून २० ते २६ लाख मिळत होते, २०२२ मध्ये गारेच्या कणांवरून ३४ लाखांच्या पुढं गेले. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी ठाम आहेत. फ्लेक्सवर स्टर्कफाँटेन घ्यायचं तर एकच आकडा छापू नका.

ताऊंगच्या बालकाची कथा तर आणखी अवघड. १९२४ मध्ये चुनखडीच्या खाणीत सुरुंगाच्या कामात ती कवटी निघाली, रेमंड डार्टनं फेब्रुवारी १९२५ मध्ये जाहीर केली. ऑस्ट्रेलोपिथेकस हे नाव तिथूनच आलं. पण ज्या कड्यातून ती निघाली तो खाणवाल्यांनी काढून नेला. कवटी हातात, थर गायब. आज शंभर वर्षांनंतरही तिचं वय लुसीइतकं नेमकं सांगता येत नाही ते यामुळं.

छिलका_आणि_गाभा

हत्यारांच्या प्रश्नाला उत्तर देतो. औसेकर गुरुजी, दगड हातात घेतल्यावर "हत्यारासारखा दिसतो का" हा प्रश्नच बाजूला ठेवा. आकार फसवतो. खुणा पाहा.

माणसाने घणाने काढलेल्या छिलक्यावर, म्हणजे दगडावरून उडवलेल्या चपट्या तुकड्यावर, घाव बसला ती छोटी सपाट जागा राहते. तिच्या लगेच खाली आतल्या बाजूला हलका फुगवटा असतो आणि त्यापासून पुढे लाटांसारख्या कडा पसरतात. पाठीवर आधी निघालेल्या छिलक्यांचे खड्डे दिसतात. ज्या दगडातून छिलके काढले त्या गाभ्यावर एकाच कडेवरून, एकाच दिशेने, ओळीने तीन-चार खड्डे हवेत. घावाची जागा आणि छिलका निघाला तो पृष्ठभाग यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा, बहुधा तो ६० ते ८० च्या दरम्यान असतो. नदीत आपटून फुटलेल्या दगडाला खड्डे कुठेही, कसेही पडतात, कोन बोथट असतात आणि एखाददुसराच खड्डा असतो. फुगवटा मात्र निसर्गातही उमटतो, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नये.

मराठवाड्यातला खरा घोळ वेगळाच आहे. खडी क्रशरवर फुटलेल्या दगडावर फुगवटा, लाटा सगळे व्यवस्थित येते. जेसीबीचा दात आणि नांगराचा फाळही छिलके काढतात. ओळखायची सोपी खूण रंग. आपला काळा दगड हजारो वर्षे उघडा राहिला की वरून करडा-तपकिरी होतो आणि त्याची साल भुसभुशीत होते. खड्ड्याच्या आत निळसर-काळा ताजा रंग असेल तर तो अलीकडचा घाव. गारगोटी, अकीक, जॅस्पर यांची साल कमी बदलते, तिथे जास्त सावध राहा.

दगड निवडून आणला होता का, हेही पाहायचे असते. नदीच्या गोट्यांवर एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाका आणि आतले दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे सगळे गोटे प्रकारवार मोजा. अशा चार-पाच चौकटी घ्या. गोट्यांत एखादा दगड अगदी थोडा आणि छिलक्यांत तोच भरपूर, असे निघाले तर कुणीतरी निवड केली होती. इथिओपियात गोनाला, सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या हत्यारांत, नेमके हेच दिसले. आसपासच्या गोट्यांतून चांगला फुटणारा दगड वेचून घेतलेला होता.

आणि ज्यावर वादच उरत नाही तो पुरावा म्हणजे छिलके पुन्हा गाभ्याला बसवणे. केनियात लोकलालेई २सी येथे सुमारे २३.४ लाख वर्षांपूर्वीचे छिलके असे परत जुळवले आहेत. एकाच गोट्यावरून छिलक्यामागून छिलका, घावाची जागा न बिघडवता. नदी हे करत नाही.

गंगथडी

पण मग लोमेक्वीचं काय? ३३ लाख वर्षांची हत्यारं म्हणून सगळीकडं फिरतंय.

छिलका_आणि_गाभा

फिरतंय, आणि फ्लेक्सवर टाकायला हरकत नाही, पण ठळक अक्षरात टाकू नका.

लोमेक्वी ३ हे तुर्कानाच्या पश्चिम काठावर. २०११ मध्ये सापडले, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गाभे अवाढव्य आहेत, सरासरी वजन तीन किलोच्या वर. हातात धरून फोडण्याऐवजी जमिनीवरच्या ऐरणीवर ठेवून किंवा त्यावरच आपटून फोडलेले असावेत. माझ्या मते त्यातले काही तुकडे निःसंशय फोडलेले आहेत. शंका आहे ती त्यांच्या जागेबद्दल. बरेच नमुने पृष्ठभागावरचे, आणि जे थरातून निघाले तेही मूळ जागेवरचे की उतारावरून सरकलेले, यावर २०१६ पासून लेखी आक्षेप आहेत. दुसरी गोम अशी की ब्राझीलमधली कॅपुचिन माकडे दगडावर दगड आपटतात तेव्हा धारदार छिलके निघतात, आणि ती माकडे ते वापरतसुद्धा नाहीत. हे २०१६ मध्ये नोंदले गेले. म्हणजे नुसता छिलका सापडणे आणि छिलका हवा म्हणून काढणे यांत अंतर आहे. गोनाला ते अंतर भरून निघते. लोमेक्वीला अजून थोडे उरले आहे.

हाडांवरच्या खुणांचेही तसेच. दगडी धारेने कापले की खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल जाते, तिच्या तळाशी समांतर बारीक रेषा असतात आणि ती बहुधा मांस हाडाला जिथे चिकटते तिथे असते. दाताची खाच रुंद, गोल तळाची. जनावरांच्या पायांखाली वाळूत रगडलेल्या हाडावर उथळ ओरखडे वाटेल त्या दिशेला. इथिओपियातल्या दिकिकाच्या ३४ लाख वर्षांपूर्वीच्या दोन हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत असे २०१० मध्ये मांडले गेले, त्याला विरोधकांनी पायाखालची रगड आणि मगरीचे दात ही उत्तरे दिली. तीही हाडे पृष्ठभागावरून उचललेली होती.

औसा_विज्ञान

म्हणजे वर पडलेलं सापडलं की अर्धा जीव गेलाच म्हणायचा. मग आमच्या मांजराचं सांगा. तिथं तर वाळू उपसताना निघतंय, थर कुणी बघितला?

काळा_फत्तर

आपल्याकडं तीन गोष्टी आड येतात, बगा.

एक, आपला काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. माणसाच्या वंशाच्या काळात इथं ज्वालामुखीच नव्हता, त्यामुळं थरांमध्ये मोजता येणारी स्थानिक राख नाही. बाहेरून आलेली आहे: सुमात्रातल्या टोबाचा उद्रेक, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठावर राखेचा थर आहे, त्याच्याबरोबर हातकुऱ्हाडीही मिळतात. त्या राखेला एका प्रयोगशाळेनं १४ लाख दिलं, दुसरीनं ६.७ लाख, आणि काचेची रासायनिक घडण जुळवणारे म्हणतात ही टोबाचीच. वाहत्या पाण्यानं साठवलेल्या राखेत जुने कण मिसळले की काय होतं ते वर केबीएसमध्ये सांगितलंच आहे. मला स्वतःला रासायनिक जुळणी जास्त पटते.

दोन, बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. गाळाला शेवटचा सूर्यप्रकाश कधी लागला ते मोजायची पद्धत असो की ॲल्युमिनियम-बेरिलियमची, दोन्हींना क्वार्ट्झ सोयीचा. आपल्या नद्यांच्या वाळूत तो शोधावा लागतो, नाहीतर फेल्डस्पारवर काम करावं लागतं आणि त्याच्या दुरुस्त्या वेगळ्या. सूर्यप्रकाशवाल्या पद्धतीचा नमुना घेताना कडा साफ करून साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप आडवा ठोकतात, बाहेर काढताच दोन्ही तोंडं काळ्या टेपनं बंद. क्षणभर ऊन लागलं तर तोंडाजवळची वाळू बाद होते.

तीन, आपला नदीचा गाळ पातळ आहे आणि नदी तोच पुन्हा पुन्हा उकरते. जुनं हाड नव्या वाळूत येऊन बसतं.

तरीपण शून्य नाही. लातूर जिल्ह्यात हारवाडीच्या बाजूला मांजराच्या गाळातून हत्ती, पाणघोडा, रानबैल यांचे जीवाश्म नोंदलेले आहेत. पैठणच्या समोरच्या मुंगीला गोदावरीच्या गोट्यांत १८६० च्या दशकातच अकीकाचा छिलका मिळाला होता. आणि शेजारी कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातल्या इसामपूरला हत्यारांसोबतच्या जनावरांच्या दातांवरून सुमारे १२ लाख वर्षं आली, चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमला ॲल्युमिनियम-बेरिलियमवरून सुमारे १५ लाख. दाताचा मार्ग आपल्याकडंही खुला आहे, पण तो दात कोणत्या थरातला आणि भोवतालची माती कोणती हे ठाऊक असेल तरच. भोवतालच्या मातीतल्या किरणोत्साराचं माप घ्यावं लागतं. नुसता दात पिशवीत घालून आणला तर हिशेब अर्धवट राहतो.

छिलका_आणि_गाभा

त्यातच जोडतो. वाळूत हाड दिसलं तर उपटू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून एक आणि पूर्ण कडा दिसेल असा लांबून एक फोटो, मोबाइलवर अक्षांश-रेखांश, आणि कड्याच्या माथ्यापासून हाड किती खाली आहे त्याचं माप. वरच्या-खालच्या थराचा रंग आणि कंकर (चुन्याचे खडे) आहे की नाही हे लिहा. मग राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. उत्खननाला परवाना लागतो, मुलांना फावडं देऊ नका.

आधीच निघालेलं ओलं हाड असेल तर ते सावलीत, ओलसर कापडाखाली हळूहळू वाळवा. उन्हात ठेवलं तर वरचा थर आतल्यापेक्षा आधी आकसतो आणि हाड पापुद्र्यांनी सुटतं. फेविकॉल लावू नका. तो आत शिरला की पुढे नीट निघत नाही आणि रासायनिक चाचण्यांत भेसळ करतो. जाणकार ॲसिटोनमध्ये ५ ते १० टक्के पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे द्रव्य विरघळवून वापरतात, कारण ते ॲसिटोननेच परत काढता येते. मोठे हाड उचलायचे तर आधी ओल्या टिश्यू कागदाचा थर, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरला तर प्लास्टर हाडालाच चिकटते. वर बसलेला कंकर छिन्नीने ठोकून काढू नये, त्याच्यासोबत हाडाची पाठ निघते.

पानझड

रांगेच्या चित्राचं उत्तर राहिलंय. टाकू नका. कूबी फोराला मोठ्या दाढांचा पॅरान्थ्रोपस बॉइसी आणि होमो इरेक्टस यांच्या कवट्या जवळजवळ एकाच काळाच्या थरांत मिळाल्या. क्रमांक ४०६ आणि ३७३३. दोघं एकाच वेळी नांदत होते, रांगेत पुढं-मागं नव्हते. रांगेत दुसरी खोट म्हणजे पाठ सरळ होणं आणि डोकं मोठं होणं बरोबरीनं दाखवतात. टांझानियातल्या लेटोलीच्या ३६.६ लाख वर्षांपूर्वीच्या राखेत दोन पायांवर चालल्याचे ठसे आहेत, आणि त्या काळच्या अफारेन्सिसचा, म्हणजे लुसीच्या जातीचा, मेंदू ४०० ते ५५० घनसेंटिमीटर. चालणं आधी, मेंदूची वाढ कितीतरी नंतर.

दहा फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर. एक लाख वर्षांना चार सेंटिमीटर धरा. आजपासून मोजायला लागलात तर चाडचा सहेलान्थ्रोपस ७० लाखांवर, म्हणजे २८० सेंटिमीटरवर येतो, दोन्ही बाजूंना बाराएक सेंटिमीटर समास उरतो. आर्डिपिथेकस रॅमिडस ४४ लाखांवर १७६, लेटोली १४६, लुसी १२७, गोनाची हत्यारं १०४, केनियातल्या कोकिसेलेईच्या १७.६ लाखांच्या हातकुऱ्हाडी ७०, तुर्काना बालक (होमो इरेक्टसचा सांगाडा) ६० च्या किंचित पुढं. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचा सुमारे ३.१५ लाखांचा होमो सेपियन्स १२.६ वर. इथिओपियातला ओमो किबिश मात्र जुन्या १.९५ लाखांवर ठेवू नका. वरच्या राखेचं वय नव्यानं मोजल्यावर २०२२ मध्ये तो किमान २.३ लाखांचा ठरला, म्हणजे ९ सेंटिमीटर.

कार्बन-१४ ची हद्द आजच्या टोकाकडच्या दोन सेंटिमीटरची लाल पट्टी म्हणून रंगवा. तेवढ्या जागेत नाव मावणार नाही, बाण काढून समासात लिहा. आणि छापायला टाकण्याआधी मापं पट्टीनं तपासून घ्या, फ्लेक्सवाले रुंदी जुळवायला चित्र आडवं ताणतात आणि सगळं प्रमाण बिघडतं.